बालकांतील आहारग्रहणाच्या अडचणी : वाचोपचार व व्यवसायोपचार यांचा समन्वय

'मूल खात नाही' ही तक्रार नांदेड-लातूर परिसरातील वैद्यांना नित्य ऐकावयास मिळते. अशा वेळी अग्निमांद्य वा अरोचक गृहीत धरून दीपन-पाचन योजण्याकडे आपला कल असतो. परंतु सेरेब्रल पाल्सी, अकालप्रसव किंवा दुभंगलेले टाळू असलेल्या बालकात भूक असूनही गिळण्याची क्रियाच सदोष असू शकते. तेथे औषधयोजनेपूर्वी गिळण्याची परीक्षा आवश्यक ठरते.

दोन तज्ज्ञ, एक घास

वाचोपचारतज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्ट हे ओठ, जीभ व जबडा यांची हालचाल आणि चोखणे, गिळणे व श्वास यांचा मेळ तपासतात. अन्न किती दाट असावे हे सांगतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे मान, धड व पाय यांना आधार देणे, हात तोंडापर्यंत नेणे, जाड मुठीचा चमचा आणि अन्नस्पर्शाची अतिसंवेदना यांकडे लक्ष देतात. मान मागे कललेली असेल तर घास श्वासमार्गात शिरण्याचा धोका वाढतो. मग जिभेचा सराव व्यर्थ जातो. म्हणून प्रथम बैठक, नंतर घास.

आपल्याकडे पातळ वरणात भाकरी कुस्करून भरवितात. यात द्रव आधी घशात उतरतो आणि तुकडे तोंडातच राहतात. अशा बालकास घोटून एकजीव केलेली दाट खिचडी बहुधा सोपी जाते. नेमका दाटपणा मात्र तज्ज्ञांनीच ठरवावा.

काश्यपसंहितेत फक्करोगाच्या चिकित्सेत औषधासोबत तीन चाकांचा फक्करथ सांगितला आहे. औषधास साधनाची व सरावाची जोड देणे आपल्या शास्त्रास नवे नाही.

धोका कोठे?

बालकास आडवे निजवून वा नाक दाबून गुटी, घृत किंवा तेल पाजणे घातक आहे. स्निग्ध द्रव्य श्वासनलिकेत गेले तरी पुष्कळदा ठसका लागत नाही आणि फुप्फुसदाह होतो. भरविताना खोकला, नाकातून दूध येणे, घरघरता ओलसर आवाज, वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणे, प्रत्येक जेवणास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे ही सूचक लक्षणे होत. ओठ निळे पडल्यास बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आपले कर्तव्य

2013 साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी-पथकांत आयुष वैद्य व औषधनिर्माता यांचा समावेश आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची त्यात सोय आहे. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सीग्रस्त मुलांसाठी 'संवेदना' केंद्रही कार्यरत आहे.

औषधविक्रेत्यांना आमची विनंती अशी की, बालकासाठी घृत वा गुटी देताना 'पिताना ठसका लागतो काय?' एवढे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास औषध न देता बालकास वैद्यांकडे पाठवावे. वैद्यांनीही सदर लक्षणे व चालू औषधे चिठ्ठीत नोंदवून बालकास उभय तज्ज्ञांकडे पाठवावे. गिळणे सुरक्षित झाल्यावरच दीपन-पाचन व बृंहण चिकित्सेचा खरा लाभ बालकास मिळेल, असे आम्हांस वाटते.