वजन उचलणं वेगळं, वजनाची तालीम वेगळी

चाळिशी उलटली, गुडघे-कंबर कुरकुरू लागली, की हल्ली डॉक्टर सांगतात, "वेट ट्रेनिंग सुरू करा." पुष्कळ जणी ऐकतात मात्र 'वेटलिफ्टिंग'! मग डोळ्यांसमोर लोखंडी दांडा आणि जाड चकत्या उभ्या राहतात, आणि सल्ला तिथेच बारगळतो. मैत्रिणींनो, या दोन शब्दांच्या घोटाळ्यात नुकसान होतं ते आपल्या हाडांचं.

वेटलिफ्टिंग हा स्पर्धेचा खेळ आहे. त्यात प्रकार दोनच. 'स्नॅच'मध्ये वजन जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचं. 'क्लीन अँड जर्क'मध्ये आधी खांद्यापर्यंत, मग वर. एका वेळी जास्तीत जास्त किती किलो, एवढाच प्रश्न. ऑलिंपिकमध्ये हा खेळ स्त्रियांना २००० साली, सिडनीत खुला झाला. तिथेच कर्णम मल्लेश्वरीने ११० आणि १३० असे एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

वेट ट्रेनिंगमध्ये स्पर्धा नाही. ट्रेनिंगला आपल्याकडे छान शब्द आहे, तालीम. झेपेल एवढंच वजन घ्यायचं, पुन्हा पुन्हा उचलायचं आणि हळूहळू वाढवायचं. इथे वजन हे साधन; कमवायची ती स्नायूंची आणि हाडांची ताकद.

तुम्ही म्हणाल, बादल्या उचलतो, कणीक तिंबतो, ते काय कमी आहे? कष्ट आहेतच, पण बादली वर्षानुवर्षं तेवढीच राहते. शरीराला सवय झाली की ताकद वाढत नाही. पाळी थांबल्यावर तर हाडं भराभर विरळ होऊ लागतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत चालण्याबरोबर आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. दंड पुरुषी होतील ही भीती मात्र नको. त्याला लागणारं संप्रेरक बायकांत फार थोडं असतं.

सुरुवात घरीच करता येते. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला तळवे लावून दहा जोर काढा. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या म्हणजे प्रत्येक हातात अर्धा किलो. त्या कोपरात वाकवून वर-खाली करा. मध्ये एक-दोन दिवसांची विश्रांती हवी. दहा वेळा अगदी सहज जमू लागलं, की लिटरच्या बाटल्या घ्या.

उचलताना श्वास कोंडू नका. रक्तदाब, अंग बाहेर येण्याचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा ठिसूळ हाडं असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पदक नाही मिळणार, बरं का! पण साठीतही जमिनीवरून कुणाच्या आधाराशिवाय उठता आलं, तर ते काय थोडं झालं?