रेडिओ आणि दवाखाना

कोल्हापूर आकाशवाणी ऐकायची, तर रेडिओचा काटा १०२.७ मेगाहर्ट्‌झवर आणावा लागतो. हा आकडा कशाचा, असे मंडळी आम्हांला विचारतात.

रंकाळ्याच्या काठी उभे राहा. लाटा पायरीवर येऊन आपटतात. एका सेकंदात किती लाटा आल्या, ती संख्या म्हणजे वारंवारता. सेकंदाला एक लाट म्हणजे एक हर्ट्‌झ. हर्ट्‌झ हे एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव. मेगा म्हणजे दहा लाख. तेव्हा आपल्या रेडिओपाशी सेकंदाला दहा कोटींहून जास्त लहरी येतात!

दवाखान्यातही हेच माप आहे. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीची कंपने दहा लाखांच्या वर. म्हणून ती ऐकू येत नाहीत. विहिरीत हाक मारली की ती परत ऐकू येते ना? तशाच या लहरी पोटातल्या बाळावरून परत फिरतात. त्यांवरून चित्र उमटते.

मग 'रेडिओलॉजी' ही पाटी कसली? तिथे गाणी लागत नाहीत! 'रेडिओ' हा शब्द मुळात किरणावरून आला. तिथे क्ष-किरणांनी हाडांचा, छातीचा 'फोटो' काढतात. हे किरण पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात. सोनोग्राफीत ते नसतात.

म्हणून गरोदर बाईने डॉक्टरांनी सांगितलेल्या सोनोग्राफीला भिऊ नये. पण फोटो काढायचा असेल, तर 'मला दिवस गेलेत' हे आधी सांगावे. त्यात लाज कसली?