पहिला गडी कोणता मागावा?

आट्यापाट्या असोत की हुतुतू, खेळ सुरू होण्यापूर्वी गडी वाटून घेण्याचा जो विधी गावोगावच्या पटांगणांवर चालत असे तो ज्यांनी बालपणी अनुभवला आहे, त्यांना ‘ड्राफ्ट’ ही वस्तू नवी वाटण्याचे कारण नाही. दोन म्होरके समोरासमोर उभे राहात आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेत. पहिल्याने मागितला जाई त्याची मान ताठ होई. सरतेशेवटी उरणारा लिंबूटिंबू कोणाच्या तरी पदरात पडे, आणि खेळ फुटबॉलचा असेल तर बहुधा गोलात उभा केला जाई. काही ठिकाणी याहून शहाणी रीत होती. तुल्यबळ असे दोघे जोडी करून बाजूला जात, एक ‘सूर्य’ तर दुसरा ‘चंद्र’ अशी गुप्त नावे घेत आणि म्होरक्यांसमोर येऊन कोण हवा ते विचारीत. नावामागचा गडी म्होरक्याला ठाऊक नसे. बळाची वाटणी त्यामुळे आपोआप सारखी होई आणि पहिला गडी कोणता मागावा, हा प्रश्नच उद्भवत नसे.

व्यावसायिक खेळाच्या जगात हा प्रश्न टळत नाही. अमेरिकेत त्यांच्या त्या हाताने खेळावयाच्या फुटबॉलमध्ये १९३६ साली निवडीची ही पद्धत प्रथम अमलात आली. दुबळ्या संघाला आधी निवडीचा मान, हे तिचे सूत्र. गंमत अशी की, त्या पहिल्या वर्षी सर्वांत आधी निवडला गेलेला जे बर्वँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! आपल्याकडे इंडियन सुपर लीगने २०१४ साली ही पद्धत उचलली, आणि २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत तिचा जो प्रयोग झाला, तो प्रस्तुत लेखकाच्या विशेष स्मरणात आहे. खेळाडूंच्या किमती आधीच ठरलेल्या होत्या. संघांनी आपल्या पाळीप्रमाणे एकेक नाव उचलावयाचे, एवढेच काय ते उरले होते.

छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादचा, संघ या लीगमध्ये नव्हता आणि आजही नाही. पण आमखास मैदानावर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या फुटबॉल खेळल्या त्या शहराला वाद घालण्यासाठी स्वतःच्या संघाची गरज भासत नाही. कोणी मुंबईचा कैवार घेतला होता, कोणी पुण्याचा, कोणी शेजारधर्म म्हणून गोव्याचा. मैदानालगतच्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात एकच विषय होता: पाळी आली की आधी कोणती जागा भरावी? माझे एक वयस्कर स्नेही तरुणपणी सेंटर फॉरवर्ड खेळत. त्यांच्या मते हा वादाचा विषयच नव्हे. गोल करणारा मिळाला की बाकीचे दहा कसेही उभे करता येतात. त्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने फार शांतपणे हिशेब मांडला. “चाचा, मैदानावर पाच परदेशी उतरवता येतात. त्यांतली पहिली जागा कोणाला जाणार? गोल करणाऱ्यालाच. मग देशी सेंटर फॉरवर्ड विकत घेऊन त्याला बाकावर बसवायचे का? देशी पैसा लावायचा तो मागे, जिथे परदेशी उभा राहणार नाही तिथे.”

त्या दिवशीचा निकाल तरुणाच्या बाजूने लागला. सर्वाधिक म्हणजे १ कोटी १० लाख रुपये किमतीचे दोघे खेळाडू होते. त्यांपैकी बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा अनस एडथोडिका नव्याने आलेल्या जमशेदपूर संघाकडे गेला आणि मधल्या फळीतला यूजिनसन लिंगडोह कोलकात्याकडे. जमशेदपूरने ८७ लाखांचा गोलरक्षक सुब्रतो पॉल हाही घेतला. किमतीच्या त्या शिखरावर आघाडीवीर कोणी नव्हता.

जागेच्या प्राधान्याचा विचार करणाऱ्याने जमशेदपूरचा तो मोसम अवश्य अभ्यासावा. इंग्रज प्रशिक्षक स्टीव्ह कॉपेल यांच्या हाताखालच्या या संघाचे पहिले तिन्ही सामने गोलशून्य बरोबरीत सुटले. १८ सामन्यांत त्यांच्यावर केवळ १८ गोल झाले. पण त्यांनी केलेले गोलही १६च होते. उलट गोव्याने २८ गोल स्वीकारले आणि ४२ केले. गोव्याच्या फेरान कोरोमिनास या एकट्या स्पॅनिश आघाडीवीराचे गोल १८ भरले, म्हणजे जमशेदपूरच्या सबंध संघाहून दोन अधिक. साखळीच्या अखेरीस या दोन संघांतच उपांत्य फेरीच्या उरलेल्या जागेचा निर्णय करणारा सामना झाला आणि तो गोव्याने ३-० असा जिंकला. माझ्या स्नेह्यांनी दुसऱ्या दिवशी चहाचे पैसे सर्वांच्या वतीने दिले. परंतु त्यांचा आनंद पुराव्याला धरून नव्हता. कोरोमिनास ड्राफ्टमधून आलेला नव्हता. तो स्पेनमधून आला होता. देशी बळ मागे लावावे व गोल बाहेरून आणावेत, हा तरुणाचा हिशेब गोव्यानेच अधिक चोख अमलात आणला होता.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी, १० जुलै २०१५ रोजी, मुंबईतच दहा निवडक खेळाडूंचा लिलाव झाला होता. मुंबईने सुनील छेत्री हा आघाडीवीर १ कोटी २० लाखांना घेतला आणि पुण्याने तोच लिंगडोह १ कोटी ५ लाखांना. एकाच राज्यातील दोन संघांनी एकाच दिवशी या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दिली, असा हा दुर्मिळ प्रसंग होता. छेत्रीने त्या मोसमात सात गोल केले व या लीगमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला. तथापि आठ संघांत मुंबई सहावी आली आणि पुणे सातवे. एका जागेवर सारी पुंजी लावून संघ उभा राहात नाही, एवढाच बोध यातून निघतो, आणि तो फारसा नवीन नाही.

येथपर्यंत हा वाद संघमालकांच्या नफानुकसानीचा आहे. चुकले तर त्यांचे पैसे बुडतील. तुम्हाआम्हाला त्याचे सुतक नाही. कबड्डीत तो तेवढाच राहतो. ऑक्टोबर २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले, तर पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलू या बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख. तेलुगू संघ तळाला गेला, पुणे विजेते झाले. पुढच्या वर्षी शादलू हरयाणाकडे गेला आणि हरयाणाने विजेतेपद मिळविले. ‘आधी कोपरा, मग चढाई’ असे सूत्र त्यावरून अनेकांनी पाठ केले. २०२५ साली मात्र तोच शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही, तेव्हा ते सूत्र गुंडाळून ठेवावे लागले. यात मुद्दा असा की, मालकांनी चढाईपटू आधी घेतला काय किंवा पकड करणारा घेतला काय, देशाच्या कबड्डीचे त्यात काही बिघडत नाही. परदेशी खेळाडू मूठभर. सातही जागांवर आपलीच मुले उभी राहतात. मालकाची चूक मालकापाशीच संपते.

फुटबॉलमध्ये ती मालकापाशी संपली नाही, किंबहुना ती त्याची चूकच नव्हती. प्रत्येक संघाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला आणि या सर्व शहाणपणांची बेरीज देशाच्या अंगाशी आली. ज्यांना हा निष्कर्ष घाईचा वाटत असेल त्यांनी लीगच्या दोन पारितोषिकांच्या याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. सर्वाधिक गोल करणाऱ्याचे पारितोषिक २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत एकाही मोसमात भारतीयाला मिळालेले नाही. सर्वोत्तम गोलरक्षकाचे पारितोषिक पहिल्या दोन वर्षी परदेशी खेळाडूंनी नेले. २०१६ साली ते अमरिंदरसिंगला मिळाले आणि तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत ते देशाबाहेर गेले नाही. सुब्रतो पॉल, गुरप्रीतसिंग संधू, विशाल कैथ अशी नावांची ओळ त्यात आहे. गोलात उभे राहण्याची उपजत बुद्धी आपल्या मुलांना मिळते आणि गोल करण्याची मिळत नाही, असे तर कोणी म्हणणार नाही! संघांनी गोलरक्षकाची जागा देशी खेळाडूंसाठी मोकळी ठेवली, म्हणून गोलरक्षक तयार झाले. आघाडीची जागा त्यांनी बाहेरच्यांना दिली, म्हणून आघाडीवीर तयार झाले नाहीत. पटांगणावर ज्या जागेवर लिंबूटिंबू उभा केला जाई, त्या जागेचे आज आपण धनी आहोत.

या बेरजेची किंमत आकड्यांत सांगता येते. जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत भारत ऑस्ट्रेलियाशी ०-२, उझबेकिस्तानशी ०-३ व सीरियाशी ०-१ असा हरला. तीन सामन्यांत एकही गोल नाही. त्याच वर्षी जूनमध्ये छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये त्या चाळिशीच्या गृहस्थाला परत बोलवावे लागले. परत आल्यावर पहिल्याच सामन्यात मालदीवविरुद्ध त्याने गोल केला, ही त्याच्या थोरवीची खूण खरी. पण त्याच्यामागे कोणी उभे नव्हते, याचीही ती खूण होती. २०२४-२५च्या लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक, म्हणजे १४ गोल, त्याचेच होते. पुढच्या आशियाई चषकासाठीच्या पात्रता फेरीत भारताला बांगलादेश व हाँगकाँग यांच्याविरुद्ध पहिल्या दोन सामन्यांत गोल करता आला नाही आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाल्यावर २०२७च्या स्पर्धेची दारे बंद झाली.

हा सारा दोष ड्राफ्टच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ड्राफ्टची पद्धत २०१७ नंतर राहिली नाही, संघ खेळाडूंशी थेट करार करू लागले आणि रोग तसाच राहिला. तो जुनाही आहे. लीग जन्माला येण्यापूर्वी आय-लीगमध्ये गोव्याचे व कोलकात्याचे संघ रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या नायजेरियन आघाडीवीरांच्या गोलांवरच जगत होते. ड्राफ्टने एवढेच केले की, जे आधी अंदाजाने होत असे त्याला उघड दरपत्रक दिले. आणि दरपत्रक भिंतीवर लागले की ते मुलांना, पालकांना व प्रशिक्षकांना वाचता येते.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या आघाडीला खेळला. पुढे लीगच्या संघांत त्याच्या वाट्याला बहुतांशी मैदानाच्या कडेची जागा आली. त्यात त्याचा अपमान नाही. कडेने धावणाराही संघाला हवाच असतो. पण सोळा-सतराव्या वर्षी गोलाच्या तोंडाशी उभा राहणारा मुलगा बाविसाव्या वर्षी तेथे उभा दिसत नाही, हे एकट्या त्याच्या बाबतीत घडलेले नाही. त्या विश्वचषकात भारताने केलेला एकमेव गोलदेखील मधल्या फळीतल्या जॅक्सनसिंगचा होता, कॉर्नरवरून डोक्याने मारलेला.

परदेशी आघाडीवीर आल्यामुळे आपले बचावपटू अधिक तरबेज झाले, असे म्हणणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. कोरोमिनाससारख्याला वर्षभर सांभाळणारा बचावपटू त्यातून काही शिकतोच. मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या २०१४ मध्ये सहा होती, २०१७ मध्ये पाच झाली आणि २०२१ पासून चार, हेही त्यांच्या बाजूने सांगता येईल. परंतु संख्या घटली तरी पहिला क्रम बदलला नाही. चारांपैकी एक जण गोल करणारा असतोच, कारण सामना जिंकण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे. तेव्हा किती परदेशी, हा प्रश्न पुरेसा नाही. कोणत्या जागेवर, हाही विचारला पाहिजे. लीगच्या प्रत्येक संघाने मोसमातील ठराविक मिनिटे आघाडीच्या मधल्या जागेवर भारतीय खेळाडूला खेळवावे आणि ती न भरल्यास दंड सोसावा, असा नियम महासंघाने करून पाहण्यास काय हरकत आहे? संघमालक कुरकुरतील. आपल्या सोयीचा हिशेब बिघडला की कोणीही कुरकुरतो. मात्र ज्या दिवशी असा नियम होईल त्या दिवशी देशी आघाडीवीराची किंमत आपोआप वाढेल आणि पाळी आल्यावर आधी कोण मागावा, या वादात माझ्या स्नेह्यांच्या पक्षालाही काही वजन येईल.

त्या जुलै महिन्यात तरुणाचा हिशेब ऐकून झाल्यावर ते बराच वेळ गप्प बसले होते. मग एवढेच म्हणाले, “तुझे सगळे बरोबर आहे रे बाबा. पण देशाचा सामना असेल तेव्हा गोल करायला माणूस कोठून भाड्याने आणायचा?” तरुणाला उत्तर सुचले नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी मी पुन्हा आमखासवर गेलो होतो. दहा-बारा वर्षांची मुले दोन म्होरके करून गडी मागत होती. अंगाने उंच आणि पायाने चपळ असा एक मुलगा पहिल्याच पाळीत मागितला गेला, आणि म्होरक्याने त्याला मागे उभे राहण्यास सांगितले. त्याने कारण विचारले, तेव्हा म्होरक्या म्हणाला की निवड चाचणीत उंच पोरांना तिथेच घेतात. मुलगा मागे गेला. खेळ सुरू झाला, आणि पहिल्या पाच मिनिटांतच तो आपली जागा सोडून चेंडू घेऊन पुढे धावला तेव्हा त्याचा म्होरका मधोमध उभा राहून त्याच्यावर ओरडत होता.