प्रबळगडाची उतरण

आमच्या शाळेच्या गच्चीवरून पूर्वेस पाहिले म्हणजे प्रबळगडाचे लांबरुंद पठार, त्याच्या उत्तरेस कलावंतिणीचा सुळका आणि दोहोंमध्ये पाचर मारून काढावी तशी खाच, अशी आकृती दिसते. पनवेलच्या मुलांस ती इतकी परिचित की तिच्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाही. आमचे स्वतःचे बालपण मुंबईतील चाळीत गेलेले. चढणे म्हणजे जिने चढणे एवढाच अर्थ आम्हांस ठाऊक होता. चाळिशी उलटल्यावर एका नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही प्रथमच डोंगर चढलो व तोही एकट्याने. त्या दिवशी उतरताना आमच्या हातून जी चूक झाली तिचे कारण विद्यार्थ्यांस व पालकांस समजावून सांगावे म्हणून हा लेख.

जाण्यापूर्वी आम्ही गणित मात्र केले होते. नेस्मिथ नामक स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली असा ठोकताळा बसविला की, दर ३ मैलांस एक तास धरावा व दर २,००० फूट चढणीस आणखी एक तास मिळवावा. प्रबळगडाची उंची सुमारे २,३०० फूट. त्या हिशेबाने दोन-सव्वादोन तास पुरे होते. आम्हांस साडेतीन तास लागले! नेस्मिथने आपला हिशेब सराव असलेल्या पायांसाठी केला होता, शिक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या पायांसाठी नव्हे.

पनवेलहून एस.टी.ने ठाकूरवाडीस उतरलो. तेथून माची, माचीवरच्या वस्तीत चहा आणि पुढे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली नाळ चढून पठार. वाट विचारावी लागली नाही, याचा आम्हांस थोडा अभिमानही वाटला. पठारावर दाट रान आहे. कड्यावर आले म्हणजे एकीकडे माथेरान, नैर्ऋत्येस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि दक्षिणेच्या अंगास इर्शाळगड दिसतो. याच इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. तिकडे पाहिल्यावर देखावा सुंदर आहे असे मोठ्याने म्हणवेना.

सव्वाचार वाजता परत निघालो, आणि पाऊण तासात वाट चुकलो. जी वाट जाताना एकच होती, ती येताना दोन, तीन, चार कशी झाली?

याचे उत्तर झाडाच्या फांदीवर सापडते. मुंगी डहाळीच्या टोकाकडून खोडाकडे निघाली तर तिला कोठेही निवड करावी लागत नाही. प्रत्येक डहाळी आपोआप मोठ्या फांदीस मिळते. तीच मुंगी खोडाकडून अमक्याच एका पानाकडे जाऊ लागली की प्रत्येक बेचक्यात तिला विचार करणे भाग पडते. डोंगरावरील वाटांची रचना अशीच असते. गुराख्यांच्या, लाकूडफाट्याच्या, वाड्यांच्या वाटा वर येता येता एकीस मिळतात. चढणाऱ्याच्या वाटेस त्या मागून, तिरप्या येऊन मिळत असल्यामुळे त्यास दिसतही नाहीत. उतरताना त्याच वाटा समोर फाटे होऊन उभ्या राहतात. आम्हांस चढताना वाट सापडली यात आमचे शहाणपण काहीच नव्हते.

पुढे आम्ही दुसरी चूक केली. एक कोरडा ओढा लागला. पाणी खाली जाते, गावही खाली आहे, तेव्हा ओढ्याच्या पात्राने उतरावे असा तर्क केला. सपाट मुलखात हा तर्क कदाचित चालेल. सह्याद्रीत तो जीव घेणारा आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. कठीण थर भिंतीसारखे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास ट्रॅप म्हणतात, व तो शब्द मुळात पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. पाणी या पायरीवरून उडी घेते; माणसास ती घेता येत नाही. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज तरी सावध करितो. नोव्हेंबरात ओढा मुका असतो.

वरच्या अंगास मोळी घेऊन चाललेली एक ठाकर बाई थांबली व ओरडली, “ओ दादा, तिकडं कुठं? खाली कडा हाय!”

आम्ही जागीच उभे राहिलो. पुढे जेमतेम तीसचाळीस पावलांवर ओढ्याचे पात्र संपून नुसते आकाश दिसत होते. सोबत कोणी असता तर “गुरुजी, ही वाट आपली वाटत नाही” असे पाऊण तासापूर्वीच म्हणाला असता. एकट्या माणसाची चूक दुरुस्त करणारा कोणी नसतो, आणि चूक होत असताना ती चूक म्हणून जाणवत नाही. बाईंच्या मागोमाग माचीवर पोहोचेपर्यंत अंधारले. ठाकूरवाडीस आलो तो शेवटची एस.टी. गेलेली. मोबाइल छायाचित्रे काढण्यात केव्हाच संपला होता.

रात्री दहा वाजता घरी आलो. निघताना आम्ही फक्त “संध्याकाळपर्यंत येतो” एवढेच सांगितले होते. आमच्या कुटुंबाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, “तुम्ही आला नसता, तर कोणत्या डोंगरावर माणसं पाठवायची होती?” यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तीन आठवड्यांनी आम्ही एका सहशिक्षकास घेऊन पुन्हा गेलो. गडाचे नाव, जाण्यायेण्याची वाट व परतण्याची वेळ कागदावर लिहून घरी ठेविली. या खेपेस चढताना दर थोड्या अंतरावर मागे वळून वाट उलट्या बाजूने कशी दिसते ते पाहत गेलो. ज्या ठिकाणी आमची चूक झाली होती ते तेव्हा सापडले. खालून येताना तेथे एका मोठ्या धोंड्यावाचून काही दिसत नाही. वळून पाहिले की धोंड्याच्या दोन्ही बाजूंनी दोन वाटा जातात, आणि चुकीची वाट अधिक रुंद आहे.