कॅमेरा चालू, मग कालचं चित्रण कुठे गेलं?

समजा, गॉलवेतल्या तुमच्या घराच्या दारावर कॅमेरा आहे. फोनवर अंगण दिसतं, पण कालचं काहीच सापडत नाही. असं का होतं? कॅमेरा फक्त बघतो. लक्षात ठेवतं ते आतलं मेमरी कार्ड!

कार्ड भरलं, की बहुतेक कॅमेरे जुनं चित्रण पुसून नवं लिहितात. सतत लिहून-पुसून कार्ड झिजतं. लिहिता लिहिता वीज गेली, तर फाइल बिघडू शकते. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं. गॉलवे परगण्यात मेस हेड इथे वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला आणि देशात लाखो घरांची वीज गेली. अशा वादळानंतर कार्ड जरूर तपासा.

काय कराल?

१. ॲपमध्ये कार्ड दिसतंय का? रेकॉर्डिंग चालू आहे का? बघा.
२. कॅमेरा बंद करा. कार्ड काढून पुन्हा नीट बसवा.
३. कॅमेऱ्याला किती जीबीपर्यंतचं कार्ड चालतं, ते माहितीपुस्तिकेत वाचा.
४. तरीही जमलं नाही, तर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. पण थांबा! फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. हवं ते चित्रण आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

नवं कार्ड घ्यायचंय? 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या. ते जास्त टिकतं.

सायकल चोरीला गेल्यावर कार्ड रिकामं निघालं, तर काय उपयोग? म्हणून महिन्यातून एकदा कालचं चित्रण लावून बघाच.

सांगा पाहू: फॉरमॅट करण्याआधी काय करायचं?