चिलमीची निगा

चिलमीची निगा म्हणजे तंबाखू ओढण्याच्या मातीच्या चिलमीची स्वच्छता व जतन करण्याची रीत. नवी चिलीम वापरायोग्य करणे, ओढून झाल्यावर राख काढणे, नळीत साचलेले कीट खरवडणे, छापी धुणे आणि अधूनमधून चिलीम विस्तवात भाजून घेणे या गोष्टी तीत येतात. महाराष्ट्राच्या खेड्यांत ही रीत पाहून शिकली जाई. बिडीच्या प्रसारानंतर चिलीम मागे पडली आणि तिच्याबरोबर ही रीतही विस्मरणात जाऊ लागली. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या पैठण तालुक्यात, बिडकीनच्या परिसरातील धूपखेडा या गावाशी निगडित असलेल्या एका प्रसिद्ध कथेत चिलीम सिद्ध करण्याची कृती क्रमवार आलेली आहे. चिलीम स्वच्छ ठेवल्याने ती अधिक काळ टिकते व धुराचा कडवटपणा कमी होतो; तंबाखूचा अपाय मात्र त्याने टळत नाही.

घडण

चिलीम ही वर रुंद व खाली निमुळती होत गेलेली, दोन्ही टोकांना उघडी अशी भाजलेल्या मातीची नळी असते. कुंभार ती चाकावर किंवा हाताने घडवून आव्यात भाजतो. दगडाच्या व लाकडाच्या चिलमीही आढळतात, परंतु सर्वसामान्य शेतकऱ्याची चिलीम मातीचीच. तंबाखू घशात उतरू नये म्हणून नळीच्या अरुंद भागात एक लहानसा खडा टाकतात. तो सैल बसावा लागतो. घट्ट बसला तर धूर येत नाही आणि फार लहान असला तर राख ओठांवर येते. खड्यावर चुरलेला तंबाखू, त्यावर निखारा आणि खालच्या टोकाला गुंडाळलेली ओली छापी, एवढी ही सामग्री. छापी म्हणजे कापडाची लहान चिंधी. मुठीत छापीसह चिलीम धरून, ओठ चिलमीला न लावता, मुठीतून झुरका घेण्याची पद्धत रूढ आहे.

चिलमीच्या मातीवर चकाकी किंवा लेप नसतो. ती सच्छिद्र राहते आणि धुरातील ओलावा व तेलकट द्रव्ये शोषून घेते. निगेचे बहुतेक नियम या एका गुणातून निघालेले आहेत.

धूपखेड्याची कथा

गोविंद रघुनाथ दाभोलकर उर्फ हेमाडपंत यांनी रचलेल्या 'श्री साईसच्चरित' या ओवीबद्ध ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात धूप गावच्या चांद पाटलाची कथा आहे. पाटलांची घोडी हरवली होती. दोन महिने शोध करूनही ती न सापडल्याने खोगीर खांद्यावर टाकून ते औरंगाबादेहून परतत होते. वाटेत आंब्याच्या झाडाखाली डोक्यावर टोपी, अंगात कफनी आणि काखेत सटका असलेला एक फकीर चिलमीच्या तयारीत बसलेला दिसला. त्याने पाटलांना चिलीम ओढण्यास बोलावले आणि घोडीचा ठावठिकाणाही सांगितला. चिलीम भरून झाली, पण विस्तव नव्हता आणि छापी भिजवण्यास पाणीही नव्हते. फकिराने चिमटा जमिनीत खुपसून निखारा बाहेर काढला, सटका आपटून पाणी काढले, छापी भिजवली, पिळली आणि चिलमीला गुंडाळली. हा फकीर म्हणजेच पुढे शिर्डीस गेलेले साईबाबा.

भाविकांच्या दृष्टीने ही चमत्काराची कथा आहे. वस्तूंच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यातील साध्या क्रियाही तितक्याच मोलाच्या वाटतात. छापी नुसती भिजवून भागत नाही, ती पिळावी लागते, हे कवीने सोडलेले नाही. निथळणारी छापी चिलमीला लावली तर पाणी मातीत मुरते, खालचा तंबाखू ओला होतो आणि निखारा विझू लागतो. अगदी कोरडी छापी धूर गाळत नाही आणि हाताला चटका देते. दमट छापी हेच योग्य माप, आणि ते पिळण्यावरच ठरते. विस्तव आणि पाणी या दोन्हींवाचून चिलीम अडते, हेही या प्रसंगात आपसूक नोंदले गेले आहे. साईबाबांच्या वापरातील चिलमी शिर्डी येथील संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.

विस्तवाची अडचण शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातही येते. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथात जानकीराम सोनाराने अक्षय्य तृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव नाकारल्याची कथा आहे. आगपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी चिलीम ओढणाऱ्याला शेजारच्या चुलीचा, सोनार-लोहाराच्या भट्टीचा किंवा स्वतःच्या चकमकीचा आधार घ्यावा लागे.

रोजची निगा

नवी चिलीम आधी पाण्याने धुऊन आतली सुटी माती काढतात आणि उन्हात पूर्ण वाळवतात. वाळवण्यात घाई करून चालत नाही. भिंतीत ओल राहिलेल्या चिलमीवर निखारा ठेवला की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही आणि माती तडकते. पावसाळ्यात चिलमी अधिक फुटतात त्याचे कारण हेच.

ओढून झाल्यावर चिलीम लगेच उपडी करून झाडत नाहीत. काही वेळ निवू देतात, मग तळहातावर हलकेच आपटून राख काढतात. दगडावर आपटल्यास काठाचे टवके उडतात. अर्धवट जळलेल्या तंबाखूचा व राखेचा जो गोळा उरतो त्याला गूल म्हणतात. खडा बाहेर काढून राखेने घासतात व पुसून ठेवतात. सारखाच बसणारा खडा पुन्हा सहजासहजी मिळत नाही, म्हणून जुना ओढकरी चिलमीपेक्षाही खड्याला जपतो. फुटलेली चिलीम टाकून दिली तरी तिचा खडा चंचीत राहतो आणि नव्या चिलमीत जातो.

नळीच्या आत काळे, चिकट, उग्र वासाचे कीट साचते. ते काढण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे कापडाची लांब, अरुंद पट्टी पिळून नळीतून ओवायची, एक टोक दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायचे आणि चिलीम पट्टीवरून पुढे-मागे सरकवायची. एकटा माणूस पट्टीचे एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून तेच काम उरकतो. बैरागी व गोसावी मंडळींत ही रीत आजही दिसते. लोखंडी तारेने किंवा सुरीच्या टोकाने खरवडणे सोपे असले तरी त्याने मातीला ओरखडे पडतात, आणि ओरखड्यांत कीट पहिल्यापेक्षा लवकर धरते.

पुसूनही न निघणारे, मातीत मुरलेले कीट काढण्यासाठी चिलीम भाजावी लागते. गोवऱ्यांच्या किंवा लाकडाच्या विस्तवात ती हळूहळू तापवतात. आतले तेलकट द्रव्य प्रथम धुरावते, मग पेट घेऊन जळून जाते आणि माती पुन्हा तांबूस दिसू लागते. चिलीम मुळातच आव्यात भाजलेली असल्याने तिला हा ताप सोसतो. नंतर ती विस्तवातच थंड होऊ द्यावी लागते. तापलेल्या चिलमीवर पाणी घातल्यास बाहेरचा भाग झटकन आकसतो, आतला प्रसरण पावलेलाच राहतो, आणि चीर पडते. लाकडी चिलमीला हा उपाय अर्थातच करता येत नाही.

छापी

चिलमीच्या सर्व सामग्रीत सर्वाधिक निगा छापीला लागते. ती तीन कामे करते. तिच्या ओलाव्याने धूर निवतो. उडून येणारी राख तीत अडकते. आणि मूठ व चिलीम यांमधील फट बुजते. धुरातील काही द्रव्ये ओल्या कापडावर उतरतात, म्हणून पांढरी छापी काही झुरक्यांतच पिवळी आणि पुढे तपकिरी होते. छापीसाठी जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापड घेतात. नव्या कापडाची खळ पाणी धरू देत नाही.

छापी वापरानंतर धुऊन वाळत घालणे आवश्यक असते. ओली छापी चंचीत कोंबली तर तिला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. तंबाखूतील निकोटिन पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे छापी पाण्याने स्वच्छ होते; पण तेच पाणी विषारी बनते. तंबाखूचा काढा पिकांवरील किडी मारण्यासाठी वापरला जात असे, यावरून त्याची तीव्रता ध्यानात येईल. छापी धुतलेले पाणी गुरांच्या हौदात किंवा कोंबड्यांच्या भांड्याजवळ टाकणे म्हणूनच धोक्याचे.

चिलीम ही बहुधा एकट्याची वस्तू नसे. खळ्यावर, पारावर, भजनानंतर ती हातोहात फिरे. कोणी कोणाच्या हातची चिलीम घ्यावी हे मात्र जातिबंधनांच्या काळात पंगतीच्या नियमांप्रमाणेच ठरलेले असे, आणि ज्यांना पंगतीत स्थान नव्हते त्यांना चिलमीच्या फेरीतही ते नव्हते. चिलमीमुळे गावात बंधुभाव नांदे, असे जे सरसकट लिहिले जाते ते या कारणाने अर्धेच खरे आहे.

हुक्का आणि गुडगुडी

हुक्क्यात धूर पाण्यातून ओढला जातो. त्याच्या माथ्यावर तंबाखूची लहान चिलीमच असते. अकबराचा अधिकारी असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून तंबाखू व ओढण्याची सामग्री नेऊन बादशहाला दाखवल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. म्हणजे उत्तरेच्या दरबारात ही वस्तू गेली ती दख्खनमधून. श्रीमंतांचे हुक्के बिदरी कामाचे असत. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी जडवून तो काळा करण्याची ही कला बिदरची. औरंगाबादेतही तिचे कारागीर होते. अशा हुक्क्याची देखभाल करण्यासाठी हुक्केबरदार नावाचा वेगळा नोकर असे. पाणी रोज बदलणे, नळी धुणे आणि काळा रंग न घासता नक्षी पुसणे ही त्याची कामे. गरिबाची गुडगुडी नारळाच्या करवंटीची. तिचे पाणी बदलले की बहुतेक काम संपले.

पाश्चात्त्य पाइपशी तुलना

युरोपातही दीर्घकाळ पांढऱ्या मातीचेच पाइप वापरात होते. इंग्लंडमध्ये वापरलेले पाइप लोखंडी चौकटीत रचून भट्टीत भाजत व पुन्हा वापरत. धूपखेड्याचा शेतकरी आणि इंग्लंडमधला खानावळवाला यांनी एकमेकांना न पाहता एकच उपाय शोधला, कारण माती दोन्हीकडे मातीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रायर या झुडपाच्या मुळाशी असलेल्या गाठीपासून बनवलेले लाकडी पाइप रूढ झाले आणि निगेची तऱ्हाच पालटली. लाकूड भाजता येत नाही. त्याच्या वाटीत कोळशाचा पातळ थर मुद्दाम राखतात, कारण तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. थर फार जाड झाला की वाटी तडकते, म्हणून तो वेळोवेळी खरवडतात. नळी केसाळ तारेने पुसतात आणि ओल निघून जावी म्हणून एकदा ओढलेला पाइप निदान एक दिवस विसावू देतात. मातीच्या चिलमीत जे कीट दोष ठरते त्याचाच थर ब्रायरच्या पाइपात कवच होतो.

आरोग्य

ओल्या छापीमुळे किंवा पाण्यामुळे धूर 'गाळला' जातो, हा समज जुना आणि चुकीचा आहे. धूर निवतो व सौम्य लागतो, त्यामुळे झुरका अधिक खोल घेतला जातो. परंतु निखाऱ्यातून व तंबाखूतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू ओल्या कापडात अडकत नाही. कर्करोगास कारण ठरणारी द्रव्येही पुरेशी अडत नाहीत. चिलीम व छापी हातोहात फिरवल्याने क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांचा प्रसार होऊ शकतो. प्रत्येकाने स्वतःची छापी वापरली तरी मूठ, खोकला आणि एकत्र बसणे कायम राहते.

गुलाचा उपयोग दात घासण्यासाठी करण्याची सवय अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांत होती. चिलमीच्या सफाईतून निघणारा हा कचरा वाया जाऊ नये, असा काटकसरीचा विचार तिच्यामागे असावा. त्यातील निकोटिन हिरड्यांतून शरीरात जाते आणि चिलीम कधीही हाती न धरलेल्या व्यक्तीला तंबाखूचे व्यसन जडते. तोंडाच्या रोगांचा धोका वाढतो तो निराळाच.

भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे आणि २ ऑक्टोबर २००८ पासून तिचे सुधारित नियम लागू आहेत. बसस्थानकांनाही ही बंदी लागू होते. चिलमीतून गांजा ओढणे हा १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये गुन्हा आहे.

ऱ्हास

चिलमीची जागा बिडीने घेतली. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळून केलेल्या बिडीला खडा, छापी, निखारा, पाणी यांपैकी काहीच लागत नाही. ओढून झाली की थोटूक टाकून द्यायचे. गोंदिया, सिन्नर यांसारख्या ठिकाणी बिडी वळण्याचा धंदा वाढला आणि ती खेडोपाडी स्वस्त मिळू लागली. निगेचा त्रास वाचणे हे बिडीच्या यशाचे एक मोठे कारण मानावे लागेल. त्रासाबरोबर विलंबही गेला. चिलीम भरून, छापी पिळून, विस्तव आणून ओढण्यास वेळ लागे आणि त्यामुळे दिवसातल्या ओढींना आपोआप मर्यादा पडे. बिडी कानामागून काढली की लगेच पेटवता येते.

बिडकीनच्या आसपासची शेती आता औद्योगिक नगरीत रूपांतरित होत आहे. चिलीम आता मुख्यत्वे बैरागी, गोसावी व काही वृद्ध शेतकरी यांच्याकडे आढळते. कुंभारही ती मागणीप्रमाणेच घडवतात, आणि पणत्या व माठ यांच्या आव्यात उरलेल्या जागेत भाजून घेतात.