जुन्या ध्वनिवर्धकाचे दोषनिदान : डायनाको स्टीरिओ-७०

जुन्या बाजारातून घेतलेला निर्वात नलिकांचा ध्वनिवर्धक बिघडलेला निघाला, की बहुधा प्रथम त्याच्या नलिका बदलल्या जातात. नलिका डोळ्यांना दिसतात, तापतात, प्रसंगी लाल होतात आणि सॉकेटमधून हाताने उपसता येतात; साहजिकच संशय त्यांच्यावर जातो. परंतु लक्षण जेथे प्रकट होते तेथेच कारण असते असे नाही. किंबहुना या जातीच्या यंत्रांत ते बहुतेक वेळा दुसरीकडे असते, आणि नव्या, महागड्या नलिका त्याच कारणाला पुन्हा बळी पडतात. डायनाको कंपनीचा स्टीरिओ-७० हा ध्वनिवर्धक या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

डेव्हिड हॅफलर व एड लॉरेंट यांच्या फिलाडेल्फिया येथील या कंपनीने तो १९५९ मध्ये बाजारात आणला. त्याचे दोन मार्ग असून प्रत्येकाची शक्ती ३५ वॉट आहे. प्रत्येक मार्गात ईएल३४ जातीच्या दोन निर्गम-नलिका आणि त्यांना चालना देणारी ७१९९ ही एक संयुक्त नलिका असते. दोन्ही मार्गांना मिळून जीझेड३४ हा एकच रेक्टिफायर आहे. हे यंत्र सुट्या भागांच्या संचाच्या रूपानेही विकले जाई. त्यामुळे आज हाती येणाऱ्या प्रतीतील डाख कोणा अज्ञात हौशी गृहस्थाने घरच्या मेजावर दिलेले असण्याचा संभव मोठा असतो. सर्व डाख भिंगाखाली पाहून घेणे हे म्हणूनच पहिले काम होय.

यंत्रातील उच्च दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो. मुख्य प्रवाह तोडल्यावरही कंडेन्सरांत प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. तो योग्य रोधकातून निचरून, व्होल्टमापकाने खात्री करून घेतल्याखेरीज आत हात घालू नये. अमेरिकेतील विक्रीसाठी केलेल्या प्रतीला भारतात २३० व्होल्टांचा दाब उतरवून देणारा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो, हेही विसरता कामा नये.

प्रथम सर्व नलिका काढून, १०० वॉटचा तंतुदीप मालिकेत जोडून प्रवाह सुरू करावा. या स्थितीत ट्रान्सफॉर्मरवर जवळजवळ काहीच भार नसतो. तरीही दिवा प्रखर पेटला तर ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत किंवा त्याच्या जोडण्यांत लघुपथ आहे असे समजावे. दिवा मंद राहिला तर ईएल३४ च्या चारही सॉकेटांवरील पाचव्या पिनेचा दाब मोजावा. जालकाला मिळणारा ऋण दाब तेथे उणे ३० ते ४० व्होल्टांच्या दरम्यान आढळला पाहिजे. तो कोठेही नसेल, तर त्या सॉकेटात नलिका घालणे म्हणजे ती जाळणे होय. दाब हळूहळू चढविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने जुने यंत्र "जागे" करण्याची रीत लोकप्रिय आहे. परंतु जीझेड३४ चा तंतू पुरेसा तापेपर्यंत तो प्रवाह वाहू देत नाही, त्यामुळे निम्म्या दाबावर कंडेन्सरांना जवळपास काहीच मिळत नाही आणि कारागिराचे मात्र समाधान होते.

आता मुख्य लक्षणाकडे वळता येईल. नलिकेचे धनाग्र लाल होणे म्हणजे तिच्यातून मर्यादेबाहेर प्रवाह जाणे. येथे किती धनाग्रे लाल होतात, हा प्रश्न फार बोलका आहे. चारही लाल होत असतील तर चौघींना समाईक असलेल्या ऋण दाबाच्या पुरवठ्यात दोष आहे. मूळ यंत्रात तो सेलेनियमच्या रेक्टिफायरपासून मिळतो. सेलेनियमचा अंतर्गत रोध वयाबरोबर वाढतो आणि ऋण दाब घटतो. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड बसवावा व नंतर दाब पुन्हा मोजावा, कारण तो पूर्वीपेक्षा थोडा वाढतो. एकाच मार्गातील दोन्ही लाल होत असतील तर त्या मार्गाचा दाब ठरविणारा बदलता रोधक तपासावा; त्याचा सरकता स्पर्श तुटक झालेला असू शकतो. एकच लाल होत असेल, तर मात्र संशय नलिका आणि तिच्या जालकाला संकेत पोचविणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यांच्यात विभागला जातो.

या कंडेन्सराच्या एका अंगाला अडीचशे ते तीनशे व्होल्टांचा धन दाब असू शकतो, दुसऱ्या अंगाला जालक. त्यातून २० मायक्रोअँपियर एवढी क्षुल्लक गळती झाली तरी पाव मेगओहमच्या जालक-रोधकावर ती ५ व्होल्ट निर्माण करते, म्हणजे जालक तेवढे कमी ऋण होते. ईएल३४ मध्ये जालकाच्या एका व्होल्टामागे प्रवाह सुमारे ११ मिलिअँपियरांनी बदलतो. विश्रांतीतील ५० मिलिअँपियर अशा रीतीने शंभराच्या आसपास जातात. ४०० व्होल्टांवर हे ४० वॉट झाले, आणि या धनाग्राची सह्य मर्यादा २५ वॉट आहे. हाच कंडेन्सर बाहेर काढून साध्या ओहममापकाने तपासला तर बहुधा निर्दोष भासतो, कारण त्या मापकाचा दाब अवघ्या काही व्होल्टांचा असतो.

त्यावर उपाय सोपा आहे. जालक स्वतः प्रवाह घेत नाही; म्हणून जालक-रोधकाच्या दोन टोकांमध्ये दाब शून्य असला पाहिजे. संशयित मार्गाच्या दोन्ही ईएल३४ काढून, दुसऱ्या मार्गाच्या तशाच ठेवून, यंत्र सुरू करावे व हा दाब पाहावा. तो शून्य नसेल तर कंडेन्सर दोषी. नलिका नसताना शून्य आणि ती बसविल्यावर दाब दिसू लागला, तर नलिकेत वायू शिरला आहे किंवा तिचे जालक दूषित झाले आहे, आणि अशा वेळी नलिका बदलणेच योग्य. चारही ईएल३४ मात्र एकदम काढू नयेत. भार नाहीसा होताच उच्च दाब ३६० व्होल्टांच्या शिखरमूल्यापर्यंत, म्हणजे ५०९ च्या जवळ, चढतो आणि मूळ चौपदरी कंडेन्सराची मर्यादा ५२५ व्होल्टच आहे. मापकाचा स्वतःचा रोधही लक्षात घ्यावा. दर व्होल्टास २० हजार ओहमांचा जुना मापक १० व्होल्टांच्या पट्ट्यावर २ लाख ओहमांचाच होतो आणि दाब जवळजवळ निम्मा दाखवतो.

या यंत्राच्या रचनेत एक फसवी काटकसर आहे. एका मार्गातील दोन्ही ऋणाग्रांचा प्रवाह १५.६ ओहमच्या एकाच रोधकातून जातो आणि त्यावर १.५६ व्होल्ट दिसले की दोघींचा मिळून १०० मिलिअँपियर प्रवाह साधला, असे निर्मात्यांनी ठरविले आहे. हे वाचन बेरजेचे आहे. एक नलिका ७० व दुसरी ३० घेत असली तरी १.५६ व्होल्टच दिसतील. वाचन बिनचूक, आणि एक धनाग्र लाल! शिवाय हा तोल बिघडला की निर्गम-ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकदिश चुंबकन राहते व खालच्या स्वरांत विकृती येते. प्रत्येक ऋणाग्राला स्वतंत्र रोधक दिल्यास शंका मिटते. हा बदल मूळ रचनेला धक्का देणारा असला तरी तो करणे इष्ट आहे, कारण या यंत्रात खरोखर दुर्मिळ काही असेल तर ते त्याचे ट्रान्सफॉर्मर होत.

घुमणाऱ्या आवाजाचीही अशीच फोड करता येते. आपल्याकडे १०० आवर्तनांची घूम ऐकू आली तर गाळणी कंडेन्सर सुकले असे समजावे. ५० आवर्तनांची असेल तर तंतूच्या तारा, भूजोडणी किंवा प्रवेशाची केबल पाहावी.

७१९९ चे जुने साठे आता महाग झाले असून तिच्या जागी ६जीएच८ए वापरतात; परंतु तिची पिनरचना निराळी असल्याने मध्ये जोडसॉकेट लागते. या टप्प्यातील कार्बनच्या रोधकांची मूल्ये वर्षानुवर्षे वाढत जातात. येथे यंत्र स्वतःच आपला संदर्भ पुरविते. निरोगी मार्गातील प्रत्येक बिंदूचा दाब टिपून रोगी मार्गातील त्याच बिंदूशी ताडावा. जेथे पहिला लक्षणीय फरक दिसेल त्याच्या आसपासच दोष सापडतो.

दुरुस्तीनंतर स्पीकर न लावता प्रथम ८ ओहमचा जाड तारेचा रोधक प्रत्येक मार्गाला जोडावा. निर्गम मोकळा ठेवून संकेत देणे ट्रान्सफॉर्मरच्या निरोधनाला घातक ठरते. अर्ध्या तासाने ऋणाग्रांचे दाब पुन्हा मोजून जुळवावेत आणि दुसऱ्या दिवशी यंत्र थंडगार असताना सुरू करून पुन्हा एकदा पाहावेत. मुख्य ट्रान्सफॉर्मर हात ठेववणार नाही इतका तापला तरी लगेच घाबरण्याचे कारण नाही. या यंत्रात तो नवा असतानाही तसाच तापत असे.